एकोणतीस चोक वायफाय

जुलैतली सकाळ. पागोळ्या चुकवत शाळेच्या पडवीत छत्री मिटत होतो, तेवढ्यात खिशातला मोबाईल थरथरला. आमच्या वाडीत मोबाईल थरथरला तर शेजारपाजारची माणसं विचारपूस करायला येतात. पडवीच्या तिसऱ्या खांबाला पाठ टेकून मान जरा डावीकडे कलती ठेवली, की संदेश येतो. येतो फक्त; जात नाही. वरून आलेलं ऐकायचं आणि उलट बोलायचं नाही, ही शिस्त त्या खांबाला कुणी लावली देव जाणे. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मला ती त्याच्याइतकी जमलेली नाही.

संदेश असा होता : ‘ज्या शाळांमध्ये इंटरनेट सुविधा उपलब्ध नाही, अशा शाळांनी तशी माहिती आज दुपारी दोनपर्यंत सोबतच्या लिंकवर ऑनलाइन भरावी. अति तात्काळ. विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील.’

मी तो बाईंना दाखवला. आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी, पट एकोणीस. बाई मुख्याध्यापिका आणि उरलेलं सगळं मी. बाईंनी संदेश दोनदा वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

“म्हणजे इंटरनेट नाही हे सांगायला इंटरनेट लागणार.”

“हो.”

“आणि ते मिळालं, तर नाही म्हणणं खोटं ठरणार.”

“तसंच काहीसं.”

“मग जा सड्यावर. रेनकोट घालून जा. मागच्या खेपेला तुम्हाला ताप भरला, तेव्हा रजेचा अर्जसुद्धा ऑनलाइनच होता. तो भरायला परत सड्यावर गेलात.”

कोकण ज्यांना आंब्यापुरतंच ठाऊक आहे त्यांच्यासाठी सांगतो. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं जांभ्या कातळाचं उघडं माळरान. त्याच्या मधोमध एक धोंडा आहे. पूर्वी तिथे राखणदाराला नारळ ठेवत आणि गुरं सुखरूप घरी यावीत म्हणून गाऱ्हाणं घालत. आता त्याच धोंड्यावर उभं राहून, हात वर करून, लोक ओटीपी मागतात. राखणदार पूर्वी लवकर पावायचा, असं जुनी माणसं म्हणतात.

मी पोचलो तेव्हा माझ्या आधी चार नंबर होते. रेशन दुकानदार अंगठ्याचं यंत्र घेऊन आला होता आणि त्याच्यामागे पाच बायका अंगठे पदराला पुसत उभ्या होत्या. आशाताईंना गरोदर मातांची माहिती भरायची होती. पोस्टवाले भाऊ आपलं मशीन छातीशी धरून होते. एक चाकरमानी मुंबईच्या साहेबाला ‘मी ऑफिसच्याच कामात आहे’ असं सांगत होता आणि मागे म्हैस ओरडत होती. एक तासाने माझा नंबर लागला. पहिला प्रश्न : ‘शाळेत इंटरनेट आहे का?’ मी ‘नाही’वर टिचकी मारली. दुसरा प्रश्न, लाल फुली असलेला, म्हणजे सक्तीचा : ‘असल्यास वेग किती?’ मी शून्य लिहिलं. फॉर्म म्हणाला, शून्यापेक्षा मोठी संख्या लिहा. रिकामं ठेवलं. फॉर्म म्हणाला, ही माहिती आवश्यक आहे. आपलं काम उरकून मागे थांबलेले पोस्टवाले भाऊ म्हणाले, “गुरुजी, एक लिवा नि उतरा खाली, पाऊस येतोय.” मी एक लिहिला.

त्या एकाने पुढचं सगळं रामायण घडवलं. आमची शाळा ‘इंटरनेट नाही’ या यादीतून निघून ‘इंटरनेट आहे, परंतु वेग असमाधानकारक’ या यादीत गेली, आणि दोन महिन्यांनी त्या यादीतल्या शाळांना वेग वाढवण्यासाठी एक एक खोकं मंजूर झालं. जे नव्हतंच ते सुधारण्यासाठी.

आता खोकं येईपर्यंत थोडं माझ्याविषयी. मी आमच्या केंद्रातला तंत्रस्नेही शिक्षक आहे. या शब्दाचा अर्थ, ज्याला तंत्रज्ञान येतं तो, असा नाही. मागे एका प्रशिक्षणात प्रोजेक्टर लागेना. तज्ज्ञ मार्गदर्शक घामाघूम झाले. तिघांनी वायरी काढून परत घातल्या, एकाने भिंग पुसलं, दुसऱ्याने प्रोजेक्टरच्या पाठीवर थाप मारली. मी पंखा लावायला म्हणून उठलो आणि चुकून शेजारचं बटण दाबलं. भिंतीवर लख्ख चौकोन उमटला. टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून मी तंत्रस्नेही. पंखा मात्र शेवटपर्यंत बंदच राहिला.

या पदाबरोबर एक काम चिकटलं. महिन्याच्या शिक्षण परिषदेत मी दहा मिनिटं ‘तंत्रज्ञानातल्या ताज्या घडामोडी’ सांगायच्या. वेळ जेवणाच्या आधीची. म्हणजे समोर बत्तीस शिक्षक आणि शेजारच्या खोलीतून येणारा वडे तळल्याचा वास. अशा परिस्थितीत बिनतारी लहरींवर बोलणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत.

पहिल्या महिन्यात मी बातमी दिली, की वायफाय या शब्दाला पूर्ण रूप नाही. १९९९ साली एका ब्रँडिंग कंपनीने हे नाव निव्वळ कानाला बरं वाटतं म्हणून घडवलं. ‘वायरलेस फिडेलिटी’ हे मागाहून चिकटलं. सभागृह सुन्न. एक ज्येष्ठ गुरुजी हळूहळू उभे राहिले. गेली कित्येक वर्षं तालुक्याच्या सामान्यज्ञान स्पर्धेचे प्रश्न तेच काढायचे.

“पूर्ण रूप नाही म्हणजे काय? मी दर वर्षी विचारतो. दोन गुणांना.”

“नाहीच आहे, गुरुजी.”

“मग ज्यांनी ‘माहीत नाही’ लिहिलं त्यांचं बरोबर होतं?”

ते मटकन बसले. त्यांच्या डोळ्यांसमोरून शेकडो हुकलेली पारितोषिकं सरकत असावीत. शेजारच्या बाईंनी त्यांना पाणी दिलं.

दुसऱ्या महिन्यात मी ऑस्ट्रेलियात शिरलो. तिथले जॉन ओ’सलिव्हन नावाचे शास्त्रज्ञ सत्तरच्या दशकात फुटणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांचे रेडिओ संकेत शोधत होते. ते काही सापडले नाहीत. पण धूसर संकेत निवडून काढण्यासाठी जे गणित त्यांनी हाताळलं, ते पुढे त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बिनतारी इंटरनेट वेगवान करायला उपयोगी पडलं. “म्हणजे त्यांना शोधायचं होतं कृष्णविवर आणि हाती आलं वायफाय,” मी म्हणालो. मागच्या बाकावरून आवाज आला, “आमचं उलटं होतं, सर. आम्ही माहिती भरतो वायफायसाठी.”

याच देशातली दुसरी हकिगत सांगायला नको होती, ही माझी चूक. तिथल्या पार्क्स गावच्या मोठ्या दुर्बिणीला वर्षानुवर्षं काही गूढ संकेत मिळायचे. २०१५ साली उलगडा झाला : वेधशाळेतलं कुणीतरी मायक्रोवेव्ह ओव्हन पुरता थांबायच्या आतच त्याचं दार उघडत होतं. चहाच्या घाईपायी अवकाशसंशोधनाचा घोळ. मी हसवायला सांगितलं. पण लोकांनी मनावर घेतलं. पुढच्या आठवड्यात शेजारच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या काकूंना लेखी सूचना गेली, की माहिती अपलोड होत असताना कुकरची शिट्टी होऊ देऊ नये. काकू बाणेदार. म्हणाल्या, “शिट्टी माज्या हातात नाय. डाळीला सांगा.”

सर्वांत जास्त दाद मिळाली ती मात्र हवाईच्या बातमीला. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. नाव ठेवलं अलोहानेट. नियम सोपा : ज्याला बोलायचं असेल त्याने बेधडक बोलावं. दोघांचं एकदम निघालं आणि टक्कर झाली, तर दोघांनी गप्प बसावं आणि पुन्हा प्रयत्न करावा. मात्र किती वेळाने, ते ज्याच्या त्याच्या नशिबावर. सगळ्यांनी सारखाच वेळ थांबून चालत नाही, नाहीतर परत टक्कर. हे ऐकताच केंद्रातले शिक्षक एकमेकांकडे पाहू लागले. कारण शेवटच्या तारखेला रात्री आम्ही हेच करतो. अकरा एकोणसाठला सगळे एकदम ‘सबमिट’ दाबतात, सर्व्हर मान टाकतो, मग कुणी दीडचा गजर लावतो, कुणी तीनचा. आमच्यातले एक सर पहाटे साडेतीनला भरतात. त्यांच्याकडे सगळे आदराने पाहतात, कारण त्यांनी सर्व्हर हिरवा पाहिलेला आहे. त्यांच्या बायकोने मात्र दोन वर्षं त्यांच्यावर संशय घेतला होता.

पुढच्याच बैठकीत मी जानेवारी २०२४ पासून सातव्या पिढीच्या वायफायला प्रमाणपत्रं मिळू लागल्याचं सांगितलं. “सातवं वायफाय आलंय.”

केंद्रप्रमुख टिपणं घेत होते. त्यांनी मान वर केली. “सातवं? मग ते केंद्रशाळेला द्या. तुमची चौथीपर्यंतच आहे ना?”

मी काही बोललो नाही, आणि ते बरं झालं. कारण सप्टेंबरात आमचं खोकं आलं तेव्हा त्याच्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं : वायफाय ४. इयत्तेला साजेसं.

खोकं जोडायला आलेला पोरगा वीस-बावीस वर्षांचा, चपळ. ग्रामपंचायतीपर्यंत केबल आलेलीच होती. तिथून आमच्या कौलांवरच्या ताटलीपर्यंत हवेतून आणि ताटलीपासून आत वायरीने. छतावरची वायर, तिला वीज देणारी वायर, त्या विजेच्या डब्याची वायर, राउटरची वायर, इन्व्हर्टरच्या दोन, आणि अर्थिंग. तिसरीतला एक जण बोटांवर मोजत होता.

“गुरुजी, वायरलेसला सात वायरी हायत.”

“लेस म्हणजे कमी,” मी म्हणालो. “आधी आठ होत्या.”

त्याचं समाधान झालं. माझं अजून झालेलं नाही.

दिवे लुकलुकले. पोरगा सही घेऊन गेला. आम्ही चौथीच्या पुस्तकावरचा क्यूआर कोड मोबाईलला दाखवला आणि पडद्यावर एक बाई प्रत्यक्ष हलूबोलू लागल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं त्यात पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडचा मोठा वाटा होता. तेव्हापासून आमच्या केंद्रप्रमुखांना प्रत्येक सपाट पृष्ठभागावर कोड दिसावा असं वाटतं. मीही त्या वर्षी शाळेभोवतीच्या झाडांना कोड चिकटवले होते. आंब्याचा फणसाला आणि फणसाचा आंब्याला लागला. सड्यावरून भरून आणलेली माहिती मी मुलांना दाखवली, तर दुसरीतली पोर फणसाच्या बुंध्याला टेकून म्हणाली, “गुरुजी, मोबाईलला झाडं वळकत नायत.” चूक माझी असेल असं तिच्या मनात आलं नाही. मीही आणून दिलं नाही.

असो. दिवे लुकलुकले ते त्या दुपारपुरतेच. दुसऱ्या दिवशी सकाळी वायफाय गायब. मी छतावर चढलो, ताटली पुसली, वायरी हलवल्या, प्रोजेक्टरच्या अनुभवावरून सगळी बटणं दाबली. तास गेला. शेवटी बाईंना विचारलं, “बाई, राउटर कुठाय?”

“कपाटात.”

“कुठल्या?”

“लोखंडी. कुलूप लावलंय.” त्यांनी कमरेच्या किल्ल्यांवर हात ठेवला. “डेडस्टॉकला नोंद झालीय त्याची. चोरीला गेला तर वसुली माझ्या पगारातून. तुम्ही काळजी करू नका, चालू ठेवलाय मी. मागून लोहाराकडून भोक पाडून घेतलंय वायरीपुरतं.”

खरंच चालू होता. कपाटाला कान लावला की आत काहीतरी ऊबदार बसलंय असं वाटायचं. मी बाईंना मायकेल फॅरडेंची गोष्ट सांगितली. १८३६ साली या गृहस्थांनी धातूच्या पत्र्याने मढवलेली अख्खी खोली उभी केली, बाहेरून तिच्यावर विजेचा मारा करवला आणि आत काहीही पोचत नाही हे दाखवलं. लहरींचं आणि लोखंडी कपाटाचं तसंच वैर. बाहेरचं आत येत नाही आणि आतलं बाहेर पडत नाही.

बाईंनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाल्या, “त्या फॅरडेंकडे डेडस्टॉक रजिस्टर होतं का?”

तीन आठवडे आमचं इंटरनेट कपाटात कोंडलेलं होतं. या काळात एकदा ‘इंटरनेट वापराचा साप्ताहिक अहवाल’ मागवला गेला. तो मी सड्यावर जाऊन भरला.

तोडगा निघाला तो असा, की राउटरला खिडकीत ठेवायचं आणि गजाला साखळीने बांधायचं. कुलूप बाईंचं. साखळी आमच्या एका पालकाने दिली. त्यांच्या कुत्र्याची होती, कुत्रा वारला होता. तेव्हापासून मुलं राउटरला ‘मोत्या’ म्हणतात. ‘मोत्या झोपला’, ‘मोत्या उठला’ हे आमच्या शाळेतले तांत्रिक शब्द आहेत आणि पुष्कळ अहवालांतल्या शब्दांपेक्षा नेमके आहेत.

खिडकीत आल्यावर नवा पेच. चिऱ्याच्या भिंती दीड फुटी. मोत्याला दोन प्रकारे भुंकता येतं : एक पाच गिगाहर्ट्झचं, एक दोन पॉइंट चारचं. पाचवालं वेगवान, पण पहिल्या भिंतीलाच दमतं. दोन पॉइंट चारवालं सावकाश. मात्र भिंत ओलांडून लांबवर जातं. नवा शिक्षणसेवक आणि माझ्यासारखा निवृत्तीकडे झुकलेला मास्तर, यांच्यात हाच फरक असतो. गंमत म्हणजे आत तिसरी-चौथीच्या वर्गात भिंतीमुळे जेमतेम पोचणारं वायफाय बाहेर ओट्यावर मात्र धो-धो यायचं. खिडकी रस्त्याच्या बाजूला होती ना.

पहिल्या संध्याकाळी ओट्यावर तीन पोरं दिसली. दुसऱ्या संध्याकाळी अकरा. आठवडाभरात वाडीतला प्रत्येक पुरुष, जो शाळेच्या वेळी शाळेच्या वाटेला कधी गेला नव्हता, तो शाळा सुटल्यावर शाळेत येऊ लागला. खाली माना, उजळलेले चेहरे, संपूर्ण शांतता. इतका एकाग्र वर्ग मला अठ्ठावीस वर्षांत मिळालेला नाही. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष ते दृश्य बघून गहिवरले. “गुरुजी, लोकसहभाग वाढला.” बाईंनी प्रसंगावधान राखून पालकसभेची वही बाहेर आणली आणि मान वर न करणाऱ्या सत्तावीस जणांच्या सह्या घेतल्या. वर्षभर अडलेली गणपूर्ती पाच मिनिटांत झाली. तीन ठराव एकमताने मंजूर झाले. काय मंजूर केलं हे अजून कुणी विचारलेलं नाही.

पण पुढे ओटा दिवसाही भरू लागला आणि मुलांच्या वाट्याला काही उरेना, तेव्हा पासवर्ड लावणं आलं. एक ते आठ आकडे ओळीने लावले. मधल्या सुट्टीपर्यंत गावभर झाले. मग मला युक्ती सुचली. वायफायच्या पासवर्डला आठपासून त्रेसष्टपर्यंत कितीही अक्षरं चालतात. मी एकोणीसचा पाढा सलग आकड्यांत घातला. तो दोन दिवस टिकला. तेवीसचा आठवडाभर. मग एकोणतीसचा घातला, सत्तावीस आकडी, आणि ओटा ओस पडला.

त्या संध्याकाळी पदवीधर पोरं चौथीतल्या पोरांच्या मागे फिरताना दिसली. “बाळा, एकोणतीस चोक किती रे?” आमच्या मुलांना जुन्या चालीवर पाढे येतात, बाईंची कृपा, ती ठसक्यात सांगायची, “सोळोदरसे.” पदवीधर गोंधळायचे. सोळोदरसे म्हणजे एकशे सोळा हे सांगण्याचा वेगळा दर होता, चिबडाची एक फोड. चौथीतल्या एकाने त्या हंगामात इतका चिबूड खाल्ला की दोन दिवस तो शाळेत आला नाही. रजेच्या चिठ्ठीवर कारण लिहिलं होतं : ‘पासवर्ड’.

इथे एक गोष्ट कबूल करतो. मला स्वतःला एकोणतीसचा पाढा येत नाही. कधीच येत नव्हता. हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर मी तो पेन्सिलीने लिहून ठेवलाय आणि मुलं पाढे म्हणत असताना त्या पानावर बोट ठेवून गंभीर चेहऱ्याने मान हलवतो.

जानेवारीत तालुक्याहून साहेब आले, अचानक भेटीला. अचानक भेट असल्यामुळे चार दिवस आधी निरोप होता. वर्ग पाहिले, आहार चाखला, मोत्याला बघून ‘साखळी कशाला?’ असं विचारलं आणि बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तराची वाट पाहिली नाही. निघताना मोबाईल काढला. भेटीचा फोटो शाळेतूनच टाकावा लागतो, जागेच्या खुणेसह. मागे एकदा त्यांनी सड्यावर जाऊन टाकला, तर ‘सड्याची तपासणी केली’ अशी नोंद झाली होती आणि तिचा खुलासा द्यावा लागला होता.

“वायफायचा पासवर्ड काय?”

“एकोणतीसचा पाढा, साहेब,” बाई म्हणाल्या. “सलग, आकड्यांत.”

“वा! नावीन्यपूर्ण उपक्रम.” साहेब खूश झाले. त्यांनी सराईत अंगठ्याने सुरुवात केली. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्याऐंशी. मग अंगठा मंदावला. साहेबांनी खिडकीबाहेरच्या आंब्याकडे पाहिलं. मोहोर बरा होता. ओठ हलले. आणखी दोन-चार आकडे पडले. मग ते छताकडे पाहू लागले. मीही छताकडे पाहू लागलो, कारण हजेरीपट नेमका त्यांच्या कोपराखाली होता.

पासवर्ड चुकीचा आहे, मोबाईल म्हणाला.

“नेटवर्क स्लो आहे,” साहेब म्हणाले.

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा साहेबांनी खिशातून रुमाल काढला. पडद्यावर आकडे दिसत नव्हते, नुसते ठिपके. पण तिसरीतली एक मुलगी केव्हापासून त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून अंगठा कुठे पडतोय ते बघत होती.

“साहेब,” ती म्हणाली, “साते दोनशे तीन. तुमी एकशे त्र्याण्णव दाबलात. तिन्ही बारीला.”

कुणी काही बोललं नाही. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मोबाईल तिच्या हातात दिला. तिने पाढा गुणगुणत भराभर बोटं चालवली. मोत्याचे दिवे लुकलुकले, फोटो गेला.

साहेब शेरेपुस्तक मागून घेऊन दोन ओळी लिहून, सही करून, चहा न घेता निघाले. जीप वळणाआड गेल्यावर बाईंनी पुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचलं : “शाळेत इंटरनेट सुविधा समाधानकारक. पाढ्यांचे पाठांतर नियमित घ्यावे.”

चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ओळ पुन्हा वाचली.

“कुणाचं ते लिहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.